‘न धुता खा’ लिहिलेली चिठ्ठी

ती घटना विसरावी असं मला कधी वाटलं नाही, आणि ती विसरलीही गेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातल्या कोणाचा आता राग येत नाही. या केसचा मात्र येतो. एका भाजी विकणाऱ्याचा येतो, एका शेजाऱ्याचा येतो आणि माझा स्वतःचा येतो. नावं कोणाचीच लिहिणार नाही. काही माणसं अजून हयात आहेत, आणि त्यातल्या एका बाईच्या नावाचे माझ्यामुळं आधीच पुरेसे धिंडवडे निघाले आहेत.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी पूर्व नागपुरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. नंदनवनकडं तेव्हा नुकती घरं उठू लागली होती, आणि अलीकडच्या जुन्या गल्ल्यांत हातमागवाल्यांची वस्ती होती. थंडीचे दिवस. संध्याकाळच्या हजेरीची वेळ झाली होती, एवढ्यात इस्पितळातून मेमो आला. एक म्हातारा आणि त्याची बायको, दोघंही दुपारच्या जेवणानंतर उलट्या करत, तोंडाला फेस येऊन दाखल झाले होते. मी पोहोचलो तोवर म्हातारा गेला होता. म्हातारी बेशुद्ध होती. डॉक्टरांनी मला तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या दाखवल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या. "हे पिकावर मारायच्या औषधाचं विष आहे," ते म्हणाले, "शिळ्या अन्नानं असं होत नाही."

म्हातारा जन्मभर मागावर बसलेला विणकर. मुलगा छापखान्यात कामाला, सकाळी डबा घेऊन गेलेला. घरात सून. दोन म्हातारी माणसं जेवली, एक मेलं, एक मरायला टेकलं, आणि स्वयंपाक करणारी सून ठणठणीत उभी. पोलिसाचं डोकं कुठं जाणार, ते सांगायला नको.

त्यात खबर आली. इस्पितळाच्या व्हरांड्यातच त्यांच्या शेजारचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, माह्यं नाव नका घेऊ. पण सून जेवली नाही जी आज. आन् सासूसंग रोजची कटकट. घर नावावर करून मागे म्हणते."

असा कानाशी लागणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. खबर देण्यात त्याचा फायदा काय, हे आधी पाहावं, असं मी नव्या पोरांना नंतर वर्षानुवर्षं शिकवलं. त्या दिवशी मी स्वतः ते पाहिलं नाही. सरळ घरी गेलो, पंच बोलावले, पंचनामा केला. भाकरीचं टोपलं, वरणाची गंजी, पाण्याची घागर, तिखट-मिठाचे डबे, सगळं मोहरबंद केलं. खाटेखाली ढेकूण मारायच्या औषधाचा अर्धा डबा सापडला. तो पाहून मला काय आनंद झाला म्हणता! हत्यार सापडलं, कारण सापडलं, आरोपी समोर उभी. रांधणीच्या कोपऱ्यात एका टोपलीत थोडा हिरवा पाला होता. त्याच्याकडं मी पाहिलंसुद्धा नाही. पाल्याला कोण मुद्देमाल म्हणतं?

सुनेला अटक केली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला गंगाबाई घाटावर अंत्यसंस्काराला नेलं, तेव्हा ती लॉकअपमध्ये होती. नवरा ठाण्याच्या बाकावर मान खाली घालून बसून होता. मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "मी त डूटीवर होतो साहेब." बस, एवढंच. ज्या बाईशी तुझा संसार, तिच्याबद्दल एवढंच? त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं होतं. पण मी तरी तिच्याशी कुठं बरा वागत होतो?

चौकशी मी तीन दिवस केली. पंचविशीची बाई, अंगानं किडकिडीत, रडून रडून आवाज बसलेला. मारहाण केली नाही, पण शब्दांनी मारायचं तेवढं मारलं. माझी पद्धत एकच होती. पूर्ण दिवस सांगायला लावायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी तपशील गाळतो. ही बाई उलट दर वेळी एकेक तपशील वाढवत होती. ती खरं बोलत असल्याची ती खूण होती, आणि मला ती बनेल वाटत होती.

चौथ्या वेळी ती म्हणाली, "सकाळी भाकरी टाकल्या. वरण केलं. मामाजीले घोळाणा आवडते म्हणून हरभऱ्याची भाजी निवडली. देठ शेजारच्या बकरीले टाकले. पाला चिरला, कांदा, तिखट, मीठ, तेल घातलं."

मामाजी म्हणजे तिचा सासरा, आणि घोळाणा म्हणजे कोवळा पाला कच्चाच कालवून भाकरीबरोबर खायचा. आमच्याकडं थंडीत घरोघर होतो.

"धुतला होता पाला?"

"नाही जी."

मी टेबलावर हात आपटला. "नाही? कोणती बाई कच्ची भाजी न धुता घरच्यांना वाढते? आँ? काहून नाही धुतली?"

तिनं मान खाली घातली. माझ्यामागं आमच्या ठाण्यातली एकुलती एक महिला शिपाई उभी होती, उमरेडकडची, स्वतः विणकराच्या घरातली. एरवी माझ्यासमोर तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "साहेब, हरभऱ्याची भाजी कोणीच धूत नाही."

"म्हणजे?"

"पाल्यावर आंब असते जी. आंबट खार. धुतला की आंब वाहून जाते, मंग चव काय राहते? तुमच्या घरी बी धूत नसतीन. बाईसाहेबाले विचारून पाहा."

मी याच मुलखात जन्मलो. लहानपणापासून घोळाणा ओरपत आलो. आणि तो धुतात की नाही, हे मला माहीत नव्हतं! कधी रांधणीत डोकावलोच नव्हतो. पाला न धुणं हा घराघरातला रिवाज, आणि मी त्यावरून एका बाईला खुनी ठरवायला निघालो होतो.

आता सून मान वर करून बोलू लागली. "मी त धूतच होती साहेब, दोन वर्षांपासून. मामाजी ओरडे, चव गेली म्हणे. पण आजकाल वावरात पावडरी मारतात, म्हणून मी आयकत नव्हती. मंग मामाजीचं पोट बिघडलं. डाक्टर म्हणे, औषध मारलेली भाजी देऊ नका. तवापासून मी बाजारातल्या एका दुकानातून आणतो, शेणखताची. लांब आहे, तरी पायी जातो. त्याच्या चिठ्ठीवरच लिहून असते, न धुता खा म्हणून. चिठ्ठी खुंटीले लटकून आहे, पाहून घ्या."

"आणि तू का नाही खाल्लास?"

"उरलाच नाही जी. मामाजीनं दोनदा घेतला. आत्याबाईनं उरलेला पुसून खाल्ला. मी मागून जेवतो ना, वरणासंग भाकर खाल्ली."

सून मागून जेवते. ही गोष्टही मला कोणी सांगायला हवी होती?

जीप काढली आणि तडक त्या गल्लीत गेलो. खुंटीवर चिठ्ठी होती. दोऱ्यात ओवलेला पुठ्ठ्याचा तुकडा, हिरव्या शाईत छापलेला: ‘शेणखतावर वाढवलेली. औषध नाही. न धुता खा, आंब राखा.’ कोपऱ्यातला पाला सुकला होता, पण होता. तो पंचांसमोर पुडीत बांधून सील केला. मग शेजारी गेलो. मला खबर देणाऱ्याचंच घर.

"बकरी कुठाय?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"विकली जी."

"कोणाला?"

ती नवऱ्याकडं पाहू लागली. मी आवाज चढवला तशी ती रडायला लागली. "मेली जी. त्याच दिवशी. तोंडाले फेस आला, पाय झाडले आन् मेली. मागं पुरली."

मी त्या माणसाची गचांडी धरली. खोटं कशाला सांगू, धरली. "त्या दिवशी इस्पितळात माझ्या कानाशी लागलास, तेव्हा बकरी मरून पडली होती?"

"हो साहेब."

"आणि बोलला नाहीस?"

"बकरीचं सांगतलं असतं त केसमधी आमी बी अडकलो असतो साहेब. कोर्टाच्या चकरा कोण मारीन?"

कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून शेजारची पोरगी फासावर गेली तरी चालेल! आणि तिची घरातली कटकट सांगायला मात्र याला कोणी बोलवावं लागलं नव्हतं. आयुष्यात मी सराईत गुन्हेगारांबरोबर चहा प्यायलो आहे, पण या माणसाच्या हातचं पाणी प्यायला मला किळस वाटली असती. जनावरांचे डॉक्टर बोलावून बकरी उकरली. तिच्या पोटातले देठ, घरातला पाला आणि म्हाताऱ्याचा व्हिसेरा, तिन्ही रासायनिक तपासणीला गेले. इस्पितळाचं रजिस्टर पुन्हा चाळलं, तर त्याच दिवशी उलट्या होऊन आलेली आणखी दोन कुटुंबं निघाली. दोन्हींकडं तीच हिरवी चिठ्ठी. त्यांनी भाजी शिजवून थोडी थोडी खाल्ली होती, म्हणून वाचली.

दुकानदाराला उचललं. माणूस गोड. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं अगदी मऊ. "साहब, मी त लोकसेवा करून राहिलो. सगळा बाजार जहर विकतो, मी शुद्ध माल देतो. वैद्य-डाक्टर माझ्याकडं लोक धाडतात."

"न धुता खा, हे कोणी लिहिलं?"

"मीच जी. लोक तशीच खातात ना! मी काही नवीन सांगितलं का? उलट पावडरीच्या धाकानं बायका धुवायला लागल्या होत्या, चव जात होती. चव राखली मी."

"माल कुठला?"

"पारशिवनीकडचा. शेतकरी सच्चा माणूस. त्याले विचारा."

त्याला वाटलं, मी एवढ्या लांब कशाला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा होतो. साठीतला माणूस, घरी दोन बैलजोड्या, हिरवंगार वावर. पोलीस पाहून घाबरला नाही. मला विहिरीजवळच्या एका लहानशा तुकड्याकडं घेऊन गेला. "हा कोपरा आमच्या घरचा. याच्यावर कधी काही मारत नाही. घरचे लेकरं खातात ना जी."

"आणि बाकीचं वावर?"

"त्याच्यावर मारा लागते साहेब. अळी पडली का शेंडा राहत नाही."

दुकानदार पहिल्या वर्षी खरोखरच या कोपऱ्यातला माल नेत होता. चिठ्ठी तेव्हा खरी होती. मग गिऱ्हाईक वाढलं, रांगा लागल्या. कोपरा काही वाढला नाही. "तो कोपरा त मार्गशीर्षातच संपला," शेतकरी म्हणाला. "मी त्याले सांगतलं, आता येऊ नको. बाकीच्यावर पावडर धुरळली आहे, पंधरा दिवस हात लावू नको. धुऱ्यावर लाल चिंधी बांधली. चिंधी दिसली का आमच्याकडं कोणी ढोरबी सोडत नाही. आन् मी लेकीच्या गावाले गेलो."

चिंधी तिथंच होती. मी ती पंचनाम्यात घेतली.

आता प्रश्न एवढाच होता की, दुकानदाराला विषाची कल्पना होती की नव्हती. चिंधी दिसली नाही म्हणाला असता, तर सुटला असता. पण त्यानं भाजी खुडायला गावातल्याच चार बाया लावल्या होत्या. महिला शिपाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी मुद्दाम लांब, जीपजवळ थांबलो. वर्दी पाहून बायका गप्प होतात, हे एव्हाना माझ्या टाळक्यात शिरलं होतं. अर्ध्या तासानं ती आली ती लालबुंद होऊन.

"साहेब, त्या म्हणतात, खुडता खुडता हात चुरचुरले, डोळ्यातून पाणी आलं. त्याईनं शेठले सांगतलं. शेठ तिथंच उभा होता. म्हणे, विहिरीवर जा आन् साबण लावून चांगले हात धुवा. त्यानं सोता साबण आणून देल्ला."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच. खुडणाऱ्यांना साबण दिला, हात धुवा म्हणाला. आणि त्याच पेंढ्यांना त्यानं चिठ्ठी बांधली, न धुता खा.

ठाण्यात आल्यावर मी हे त्याच्यासमोर ठेवलं. त्याचा मऊपणा गेला. आधी बाया खोट्या म्हणाला, मग साबण कबूल केला, मग रडला. म्हणाला, "गिऱ्हाईक दारात उभे होते साहब. माल नाही म्हटलं असतं त नाव गेलं असतं. वाटलं, एवढ्याशानं काय होते!" मी विचारलं, "तुझ्या घरी ती भाजी कशी खाल्ली?" तो खाली पाहू लागला. म्हणाला, "आमी नाही खाल्ली."

रासायनिक अहवाल आला. पाला, बकरी आणि म्हातारा, तिन्हींत एकच विष. ढेकणाच्या डब्यातलं निराळंच निघालं. पण त्याच्या कितीतरी आधीच मी सुनेला सोडण्याचा अहवाल कोर्टात दिला होता.

खटल्याचं काय झालं, तेही सांगतो. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला आणि विषारी पदार्थाबाबत बेफिकिरी केली, ही कलमं टिकली. फसवणुकीचं टिकलं नाही. त्याच्या वकिलानं कोर्टात विचारलं, "शेणखताची भाजी म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात कुठं आहे?" कुठंच नव्हती. ती चिठ्ठी कोणीही छापावी, कशालाही बांधावी. तपासणारा कोणी नाही, विचारणारा कोणी नाही. त्याला थोडी शिक्षा झाली, अपिलात जामीन मिळाला, आणि दुकान बायकोच्या नावानं पुन्हा उघडलं. मी साध्या कपड्यात जाऊन पाहिलं. शाई तीच, पुठ्ठा तोच. फक्त न धुता खायचं तेवढं गाळलं होतं. आणि दारात रांग होती! माणूस मेला, पेपरात आलं, तरी रांग! लोकांना भीती वाटते, आणि भीतीवर कोणीतरी छापील कागदाचा तुकडा चिकटवून दिला की ते निवांत होतात. भाजी कोणाच्या वावरातली, कोणी पाहिली, कधी पाहिली, हे कोणीही विचारत नाही. आज चकचकीत दुकानांत हिरव्या चिठ्ठ्यांच्या पिशव्या मिळतात. काही खऱ्या असतीलही. मी तिथं एवढंच विचारतो, "हे कोणी तपासलं?" काउंटरवरची पोरं कंटाळून माझ्याकडं पाहतात. पाहू देत.

पण लोकांना नावं ठेवायचा मला तरी काय हक्क? मीही एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर एका बाईवर शिक्का मारलाच होता की.

तिला सोडल्यावर आठवड्याभरानं सासू इस्पितळातून घरी आली. दोन-तीन दिवसांनी महिला शिपाई माझ्याकडं येऊन म्हणाली, "साहेब, म्हातारी सुनेच्या हातचं पाणी बी घेत नाही. शेजारून डबा येते." शेजारून म्हणजे त्याच बकरीवाल्याकडून. माझं डोकं सणकलं. भर दुपारी वर्दीतच त्या गल्लीत गेलो. सून रांधत होती. सासू खाटेवर बसली होती. मी म्हातारीला सगळं समजावून सांगितलं, भाजी, चिंधी, साबण. ती ऐकत होती, पण नजर जमिनीवरच.

मग मी उंबऱ्यात मांडी घालून बसलो. दार सताड उघडं होतं, गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. म्हणालो, "बाई, मला जेवायला वाढ."

सून दारात आली. "साहेब, तुम्ही खासान आन् चालले जासान. उद्या कोण खाईन?"

"तू वाढ," एवढंच म्हणालो.

तिनं वरणभात, पोळी आणि वांग्याची भाजी वाढली. मी सगळं खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. म्हातारी आता माझ्या ताटाकडं पाहत होती. तिनं विचारलं, "मीठ बरोबर आहे का जी?"

"बरोबर आहे, आजी."

"मंग मले बी वाढ वं," ती सुनेला म्हणाली.

मला वाटलं, झालं, काम फत्ते. सून आत गेली, ताट वाढून आणलं. ते सासूसमोर ठेवलं आणि खाटेजवळ खाली बसली. मग तिनं त्या ताटातला वरणभाताचा एक घास उचलून स्वतःच्या तोंडात घातला. गिळला. वांग्याची फोड तोडून खाल्ली, पोळीचा तुकडा खाल्ला. प्रत्येक पदार्थ सासूला दिसेल असा चावून गिळला आणि ताट पुढं सरकवलं.

"आता खा, आत्याबाई," ती म्हणाली.

तिला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माझ्या महिला शिपायाला ती नंतर म्हणाली, आता रोज असंच करीन. आपल्याच घरात, आपल्याच हातचं अन्न, तिला आधी चाखून दाखवावं लागत होतं. ते तिला मी करायला लावलं होतं.